उलानबातरचे शनिवार

मंगोलियाला जाऊन आलो म्हटलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. तिथं सगळे घोड्यावरून फिरतात का, आणि तिथं तू खाल्लंस काय. आमच्या पंचवटीतल्या घरमालकांनी तर तिसराही विचारला, की तिकडे प्लॉटचा भाव काय चाललाय. मी तिथं फुटबॉलचा गोलकीपर म्हणून गेलो होतो, चौदा आठवड्यांच्या करारावर. तरी 'गोलात उभा राहिलास का' असं अजून कुणी विचारलेलं नाही. मला खरं म्हणजे त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. पण प्रवास सांगायचा तर सगळाच सांगावा लागतो, म्हणून घोडे आणि जेवण मधूनमधून येतील, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

नाशिकमध्ये मी गोलकीपर आहे म्हटलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि विचारतो, 'ते ठीक, पण काम काय करता?' तेहतीस वर्षांचा झालो तरी या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. मुंबईतले दोन-तीन क्लब झाले, गोव्यात दोन मोसम झाले, त्यातला बराच काळ बाकावर गेला. मागची दोन वर्षं तर तोही बाक नव्हता. कळवणजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा होती आणि मुख्याध्यापक भला माणूस, म्हणाले, 'जूनपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही.' तेवढ्यात गोव्यातल्या माझ्या जुन्या प्रशिक्षकांचा फोन आला, की उलानबातरच्या एका क्लबला उरलेल्या मोसमासाठी गोलकीपर हवाय, जाशील का.

कल्पनाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "जाऊन या. नाही गेलात तर जन्मभर मला ऐकवाल." तिचं म्हणणं बरोबर होतं. परदेशात एक तरी सामना खेळायचा, मग सुखाने शिट्टी गळ्यात अडकवून कळवणला जायचं, एवढंच माझ्या मनात होतं. एक सामना. त्याहून जास्त मागायचं वय राहिलेलं नव्हतं.

तेवढे आठवडे कल्पना आणि आमची सहा वर्षांची ओवी विंचूरला नानांकडे राहणार असं ठरलं. नाना म्हणजे माझे वडील. कांद्याच्या बाजारात मापारी होते, आता वजन-मापाचं काम सुटलं, पण सकाळी बाजारात गेल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. निघताना त्यांनी एकच विचारलं, "तिकडं कांदा मिळतो का रं?"

मिळतो. चीनहून येतो आणि त्याला काही चव नसते, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात कळवलं. ते दिवसभर खुशीत होते, असं कल्पना म्हणाली.

मार्च

विमानांचं सांगत नाही. बसलो, झोपलो, उतरलो.

उतरलो तेव्हा उणे अठरा होतं. नाशिकला डिसेंबरात पारा सहावर आला की आपण पेपरात फोटो छापतो, शेकोटीचा. इथं विमानतळाबाहेर पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस ताठ झाले. शहरभर कोळशाचा वास. डोंगरउतारावर गोल पांढरे तंबू, प्रत्येकातून एक धुराडं वर आलेलं, आणि खाली शहरात रशियन काळातल्या चार-पाच मजली इमारती, सगळ्या एका मापाच्या. घोडा मला पहिल्यांदा दिसला तो अकराव्या दिवशी, आणि तोही ट्रकमध्ये उभा होता.

क्लबने मला ओयुन आजींकडे ठेवलं होतं. सत्तरीच्या बाई, एकट्या, निवृत्त शिक्षिका. दोन खोल्या, त्यातली एक माझी. त्यांना मंगोल आणि रशियन येत होतं, मला मराठी, हिंदी आणि मोडकं इंग्रजी. त्यांच्या मोबाईलमध्ये मात्र भाषांतराची सोय होती. त्या मोबाईलशी बोलायच्या, मोबाईल माझ्याशी मराठीत बोलायचा. आतली बाई आकाशवाणीवर बातम्या देत असावी अशी. "आपण भोजन ग्रहण केले आहे काय?" "आपल्या पादत्राणांवर हिम आहे." चौदा आठवड्यांत त्या शहरात माझ्याशी समोरासमोर मराठी बोलणारी ती एकटीच. पहिल्या रात्री तिने "आपण दुःखी दिसत आहात" असं म्हटलं आणि मला हसू आलं, मग जरा वेळाने रडू आलं. आजींनी दोन्ही पाहिलं आणि चहा आणला.

त्यांचा चहा खारट असतो. दूध, पाणी, थोडी चहाची पानं आणि मीठ. पहिला घोट मी तोंडात धरून खिडकीकडे बघत बसलो. पंधरा दिवसांनी त्याची सवय झाली, महिन्याने तो आवडायला लागला, आणि परत आल्यावर कल्पनाच्या चहात मी एकदा मीठ घालून पाहिलं तेव्हा तिने कप उचलून मोरीत ओतला. बूझ नावाचा त्यांचा पदार्थ दिसायला अगदी उकडीच्या मोदकासारखा, कळ्या पाडलेला. पहिला मी भक्तिभावाने उचलला. आत मटण होतं, चरबीसकट, आणि रस थेट मनगटावरून बाहीत गेला. आमच्याकडे मटणाला मसाला लागतो, त्यांच्याकडे मटणाला फक्त मटण लागतं. मी घरून आणलेला काळा मसाला वरून घालायचो आणि आजी नाक मुरडायच्या.

क्लबात बावीस खेळाडू. परदेशी मी एकटाच उरलो होतो, दोघे आधीच्या महिन्यात निघून गेले होते. पहिला गोलकीपर मुन्खू, बावीस वर्षांचा, उंच, पण हवेतल्या चेंडूला घाबरणारा. प्रशिक्षक पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "दोन आठवडे सराव बघतो, मग तूच." हे त्यांनी इंग्रजीत आणि बोटांनी, दोन्हीकडून सांगितलं, म्हणजे गैरसमज नको.

कॅप्टन गानबात. बचावफळीचा मधला खांब, छत्तीस वर्षांचा, दिवसा टॅक्सी चालवायचा. त्याच्या शब्दाशिवाय त्या मैदानावर कुणी बुटाची नाडी बांधत नसे.

तिसऱ्या दिवशी कॉर्नरचा सराव चालला होता. गोलसमोर दहा-बारा जणांची दाटी. चेंडू आला, मी पुढे झेपावलो, चेंडू मुठीने लांब घालवला आणि खाली येताना माझा बूट गानबातच्या पायावर पडला. चांगला जोरात पडला. आता माणसाला पाय लागला की आपण काय करतो? वाकतो, हात लावतो आणि तो छातीला नेतो. विचार करून नव्हे, होऊन जातं. मी वाकलो, त्याच्या गुडघ्याला हात लावला, छातीशी नेला. वर बघतो तर गानबात उजवा हात पुढे करून उभा. त्या थंडीत सगळे लोकरी हातमोजे घालून खेळायचे, त्याने उजवा काढून डाव्या हातात धरला होता. मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस, म्हणतोय काही हरकत नाही. मी माझा हात त्याच्या हातात दिला, जोरात हलवला आणि गोलकडे पळालो, कारण दुसरा कॉर्नर तयार होता.

माझे हातमोजे हातातच होते. गोलकीपरचे, जाडजूड, रबरी तळव्याचे, मनगटाला पट्टा, त्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे. पंचवटीतल्या ज्या मुरमाच्या मैदानावर मी शिकलो तिथं हातमोजे काढले की तळहाताचं सालटं निघायचं. एकदा बांधले की सराव संपेपर्यंत सोडायचे नाहीत, ही मला पंधराव्या वर्षापासूनची सवय. त्यामुळे ते काढावेत हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. गानबात क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघत उभा राहिला, इतकं मला आठवतं. मग त्याने आपला हातमोजा चढवला.

एप्रिल

दोन आठवडे झाले, तीन झाले. हिवाळ्याची सुट्टी संपून मोसमाचे सामने पुन्हा सुरू झाले आणि गोलात मुन्खूच होता.

सरावात काहीतरी बिघडलंय हे मला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. बचावपटू अडचणीत आला की चेंडू मागे गोलकीपरला देतो, ही या खेळातली रोजची देवाणघेवाण. मला कुणी चेंडू देईना. गानबात समोर दोघं अंगावर आलेले असतानाही चेंडू बाहेर मारायचा, पण मागे द्यायचा नाही. मी ओरडून माणसं लावायचो, कुणी वळून बघायचं नाही. कपडे बदलायच्या खोलीत माझ्या शेजारची खुंटी रिकामी राहायची. बसमध्ये शेजारची जागा रिकामी. भांडण नाही, शिवी नाही, कुणी टोमणाही मारत नव्हतं. टोमणा चालला असता, त्याला उत्तर तरी देता येतं.

मी आपलं माझ्या परीने कारण शोधलं. परदेशी आहे, त्यांच्या पोराची जागा घ्यायला आलोय, राग असणारच. मग मी जास्त हसायला लागलो, जास्त मेहनत करायला लागलो, गोळ्या-चॉकलेटं वाटली. मुन्खूने एक घेतलं, इकडेतिकडे बघून. बाकीची मी आठवडाभर एकटाच खाल्ली.

प्रशिक्षकांना विचारलं. ते बिचारे अवघडले. म्हणाले, "बचावफळीचा तुझ्यावर विश्वास नाही. विश्वास मी कागदावर लिहून देऊ शकत नाही."

शनिवारी सामना असायचा. पहिल्या शनिवारी, बाकावर नव्वद मिनिटं पाय आपटून झाल्यावर, मी नानांना फोन लावला. ते बाजारात होते, मागे लिलावाची बोली चालू होती. नानांनी भोवतालच्या लोकांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "काय रं, खेळला का आज?"

मागचा आवाज कमी झाला. लोक थांबले असावेत.

"हो," मी म्हणालो.

"जितलं का?"

"बरोबरी."

"बेस झालं. जेवलास का?"

एवढंच. मला वाटलं, पुढच्या शनिवारी खरंच खेळेन, मग हिशेब सरळ होईल. पुढच्या शनिवारीही बाकच होता, आणि नानांनी तेच विचारलं, आणि मी तेच म्हणालो. तिसऱ्या वेळी त्यांनी गोल किती वाचवले ते विचारलं. मी चार म्हणालो. मग ते असंच चालू राहिलं. मी फार रंगवायचो नाही, दोन वाक्यांत उरकायचो, कारण खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो. मुन्खूने वाचवलेले गोल मी माझ्या नावावर सांगायचो, त्याने खाल्लेले सोडून द्यायचो. कल्पना सामन्याचं कधी काढायची नाही. थंडी किती, झोप लागते का, ओवीने कुठला दात पाडला, एवढंच बोलायची. मला त्याचं बरं वाटायचं.

शनिवारची संध्याकाळ सगळ्यांत वाईट. मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून कुठंतरी जेवायला जायची. मी चालत घरी यायचो, चौकात थांबून उगाच दुकानांच्या पाट्या वाचायचो. लिपी रशियन, अर्थ शून्य. आपल्या बायकोशी, बापाशी रोज बोलणारा माणूस एकटा कसा, असं कुणी म्हणेल. पण ज्यांच्याशी मी बोलत होतो ते जो माणूस खेळतोय त्याच्याशी बोलत होते, आणि तो मी नव्हतो.

बस

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडला. नाशिकला त्या दिवशी चाळीस होतं, कल्पनाने कुरडया वाळत घातल्याचा फोटो पाठवला होता. मी सरावाला निघालो होतो. बसमध्ये गर्दी, आणि माझ्यापुढे लांब झगा आणि कमरेला केशरी पट्टा असलेला एक म्हातारा. बसने वळण घेतलं आणि म्हाताऱ्याचा बूट माझ्या पायावर आला. मी मान हलवून 'असू दे' अशी खूण केली. म्हातारा मात्र गडबडला. एका हाताने वरची दांडी धरलेली, म्हणून त्याने दुसऱ्या हातातला कातडी हातमोजा दातांनी ओढून काढला, तो तसाच तोंडात धरला आणि उघडा हात माझ्यापुढे केला. मी हात दिला. तोही माझ्या हाताकडे बघत राहिला. मग माझ्या लक्षात आलं की मी लोकरी हातमोजा घातलाय. म्हाताऱ्याने तोंडातल्या हातमोज्यासकट काहीतरी पुटपुटलं आणि पाठ फिरवली.

तसंच बघणं मी आधी एकदा पाहिलं होतं. कुठं, ते आठवायला मला दोन थांबे लागले.

सराव संपवून घरी आलो आणि आजींपुढे बसलो. मी सगळं सांगितलं, आधी बस आणि मग मार्चमधला कॉर्नर. मोबाईल मंगोलमध्ये बराच वेळ बोलत होता. आजी सुरुवातीला हसत होत्या, मग हसणं थांबलं. मग त्या बोलल्या आणि मोबाईलमधली बाई म्हणाली, "ज्याच्या चरणावर चरण पडतो त्याचा हात तत्काळ धरावा. अन्यथा ते दोघे शत्रू होतात."

"मी हात दिला होता," मी म्हणालो.

आजींनी माझे हातमोजे टेबलावरून उचलले आणि माझ्यापुढे ठेवले. बाई म्हणाली, "हातमोजा घालून दिलेला हात हा न दिलेल्या हातापेक्षा हीन आहे. तो म्हणतो, मी तुला स्पर्श करू इच्छित नाही."

आमच्याकडे पाय लागला की आपण समोरच्याला हात लावतो. त्यांच्याकडे समोरचा हात मागतो. दोन्हीकडे मुद्दा एकच, अंगाला अंग लागलं पाहिजे. मी नेमकं तेवढंच केलं नव्हतं. सबंध संघाच्या डोळ्यांदेखत, तीन दिवसांपूर्वी आलेल्या परक्या माणसाने त्यांच्या कॅप्टनचा पाय तुडवला होता आणि त्याचा हात रबराने धरला होता. दोन महिने मी चॉकलेटं वाटत हिंडत होतो.

"आता काय करू?" मी विचारलं. "परत पाय देऊ का त्याच्या पायावर?"

आजींनी मला टपली मारली. त्याला भाषांतर लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी मैदानावर गेलो. गानबात टॅक्सी लावून आत आला, बाकावर बसून बूट घालायला लागला. मी हातमोजे पिशवीतसुद्धा नेले नव्हते, उगाच परत घोटाळा नको. आजींनी शिकवल्याप्रमाणे उजवा हात पुढे केला आणि डावा हात उजव्या कोपराखाली धरला. शब्द पाठ केले होते, दोनच, 'माफ करा' आणि 'पाय'. उच्चार बहुधा भयंकर असावेत.

गानबातने माझ्या हाताकडे पाहिलं, मग बुटांकडे, मग मार्च महिन्याकडे पाहत असावा. मी तसाच उभा. कपडे बदलायच्या खोलीत आणखी तिघं-चौघं आले होते. शेवटी तो उठला. त्याने माझा हात दोन्ही हातांनी धरला. त्याचे तळहात खरखरीत होते, स्टेअरिंगने घट्टे पडलेले. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मला वाटलं, तू तसा माणूस आहेस."

"नाही," मी म्हणालो.

त्या सकाळी सरावात दहाव्या मिनिटाला त्याने चेंडू मागे मला दिला. अंगावर कुणी नव्हतं, द्यायची काही गरज नव्हती. साधा, हळू, माझ्या उजव्या पायावर. मी तो परत दिला. मला लाज न बाळगता सांगायचंय की माझे डोळे भरून आले, आणि मी वाऱ्यावर ढकललं. वारा तिथं कायमच असतो, त्यामुळे ते खपलं.

पुढे खुंट्या भरल्या, बसमधली जागा भरली, शनिवारी मला ओढून बूझ खायला नेलं. पण मोसम संपत आला होता आणि मुन्खू बरा खेळत होता, त्याला काढायचं कारण नव्हतं. माझ्याच चुकीने मे उजाडला होता. नाना शनिवारी विचारत होते, मी सांगत होतो.

दारखान

शेवटचा सामना दारखानला होता, उत्तरेला, रस्त्याने चार तास. निघताना आजी वाटीभर दूध आणि चमचा घेऊन क्लबच्या फाटकापाशी आल्या. बस हलली तशा त्या आमच्या मागे हवेत दूध शिंपडत राहिल्या, वाट सुखरूप जावी म्हणून. आई असताना घरातून निघालो की तळहातावर दही पडायचं, तेही दूधच, जरा विरजलेलं. बसच्या मागच्या काचेतून मी त्यांना दिसेनाशा होईपर्यंत बघत होतो. बाहेर नुसता माळ, झाड नावाला नाही, आणि अखेर घोडेसुद्धा आले, शंभरेक, रस्ता ओलांडायला. ड्रायव्हरने निवांत सिगरेट पेटवली.

मैदान उघडं, प्रेक्षक दोनशे असतील, वाऱ्याबरोबर धूळ. आम्ही एका गोलने पुढे होतो. साठाव्या मिनिटाला मुन्खूने एक चेंडू पकडला आणि ओरडला. करंगळी मागे वळली होती. प्रशिक्षक बाकाकडे वळायच्या आधीच गानबातने मैदानातून माझ्याकडे बोट केलं.

मी उभा राहिलो. हातमोजे बांधताना पट्टा दोनदा सुटला.

पहिल्या मिनिटालाच गानबातने चेंडू मागे दिला, पायाला लागावा म्हणून. थंड बसलेल्या गोलकीपरला चांगला बचावपटू असंच जागं करतो. आठ-दहा मिनिटं छान गेली. मग एक उंच चेंडू आला. मी पुढे आलो, हात वर केले, आणि वाऱ्याने तो चेंडू असा मागे वळवला की तो माझ्या बोटांवरून गोलात गेला. बरोबरी. मी जाळीतून चेंडू काढला. शिव्या पडतील म्हणून थांबलो. गानबात आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वाऱ्याकडे बोट दाखवून त्यालाच शिवी दिली.

शेवटची दोन मिनिटं होती तेव्हा त्यांचा एक पोरगा बचावफळी फोडून एकटाच आत आला. तो आणि मी. अशा वेळी काही सुचत नाही. मी पुढे पळालो, अंग पसरलं, त्याने खालून मारला आणि चेंडू माझ्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला लागून बाहेर गेला. फार दुखलं. गानबातने मला उचललं, बाकीचे वर पडले, कुणाचा तरी पाय माझ्या पायावर आला आणि त्या धुळीत पडल्यापडल्या एक उघडा हात माझ्यापुढे आला. मी पट्टा दातांनी सोडला, हातमोजा काढून तो हात धरला. पंच शिट्टी फुंकत होते, कॉर्नर घ्यायचा होता. तो आम्ही सांभाळला. एक-एक.

सामना संपल्यावर मी घामासकट भिंतीच्या आडोशाला गेलो आणि नानांना फोन लावला. तिकडे दुपार होती. ते घरी होते.

"नाना, खेळलो."

"हां. बेस झालं."

"नाना, ऐका तरी. मुन्खूचं बोट मोडलं, मग साठाव्या मिनिटाला मी आत गेलो. एक गोल खाल्ला मी. वारा होता. माझीच चूक, मी जरा लवकर पुढं आलो. पण मग शेवटाला एक पोरगा एकटा आला, आणि गुडघ्याने, नाना, गुडघ्याने वाचवला. अजून सुजलाय गुडघा."

मी थांबेना. मुन्खूची करंगळी, धूळ, गानबात, दूध शिंपडणाऱ्या आजी, सगळं सांगत सुटलो. नाना मधे फक्त हां हां करत होते. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बरं बरं. ऱ्हाऊ दे आता. लय बोलू नको, दमला असशील. जेवून घे."

"हो, नाना."

त्यांनी फोन ठेवला. म्हणजे कानावरून काढून कुठंतरी ठेवला, बंद केलाच नाही. मी बंद करणार तेवढ्यात कल्पनाचा आवाज आला.

"काय म्हणाले?"

"खेळला म्हने."

"परत?"

"आज तर लयच सांगत व्हता. गोल खाल्ला म्हने, गुडघा सुजला म्हने."

जरा वेळ भांड्यांचा आवाज. मग कल्पना म्हणाली, "बघू का मोबाईलमधे? आज कोण कोण खेळलं त्याची यादी आली असेल."

"नको. दर शनवारी बघतो आपण, नाव नसतंय. कशाला बघायचं." नाना खाकरले. "आन तू बी बोलू नको त्याला काय. एकटं पोरगं हाय तिकडं."

मी फोन बंद केला. बसमध्ये मुलं माझ्या नावाने गाणं म्हणत होती, नाव चुकीचं उच्चारून. मला मधे बसवलं, कुणीतरी बूझचं ताट मांडीवर दिलं. मी खाल्लं. गानबातने दोनदा विचारलं, गुडघा दुखतोय का. मी हो म्हणालो.

विंचूर

क्लबने पुढच्या मोसमाला परदेशी गोलकीपर घेतला नाही, पैसे नव्हते. आता मी कळवणला असतो, शिट्टी गळ्यात. सुट्टीला विंचूरला येतो.

मागच्या रविवारी नानांबरोबर बाजारात गेलो. कांद्याच्या ट्रॅक्टरपाशी त्यांचे जुने सोबती जमले. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सुरू केलं. तिकडं उणे अठरा असतंय, चहा खारट, आणि ह्यो गडी एकूण एक सामना खेळला. एकदा तर गुडघ्याने गोल अडवला, सुजला होता गुडघा. ऐकणारे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. नाना माझ्याकडे बघत नव्हते.

घरी येऊन दारखानच्या सामन्याची ती यादी, माझं नाव असलेली, कल्पनापुढे धरायला मला एक मिनिट लागलं असतं. पण मग मी काय ऐकलं तेही सांगावं लागलं असतं, आणि मग नाना बाजारात माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहू शकले नसते. म्हणून मी मान हलवली, हो म्हणालो, आणि लोकांनी गुडघा दाखवायला सांगितला तेव्हा पँट वर करून दाखवला. माझी अब्रू राखायला आपण खोटं बोलतोय, असं नानांना वाटत होतं. त्यातलं गुडघ्याचं खरं होतं, हे त्यांना अजून माहीत नाही.